मनगट दुखतं ते हिंजवडीत, साताऱ्याला नाही

कोथरूडहून हिंजवडी साधारण १५ किलोमीटर. नवी स्पोर्ट बाईक घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात एवढंसं अंतर कापून ऑफिसात पोचतो, तेव्हा तळहातांना मुंग्या आलेल्या असतात आणि माउस धरवत नाही. तोच माणूस रविवारी साताऱ्याला जाऊन येतो, सव्वादोनशे किलोमीटर होतात, आणि तक्रार असते ती फक्त बुडाची. ‘सवय होईल हळूहळू,’ असं मित्र सांगतात. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं कारण गाडीच्या रचनेत आहे.

स्पोर्ट बाईक म्हणजे इथे १५० ते ४०० सीसीच्या, पुढून फेअरिंगने, म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणाने, झाकलेल्या गाड्या धरल्या आहेत : यामाहाची आर१५, टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०, चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएमची आरसी ३९०. या गाड्यांना एकसंध आडवं हँडल नसतं. डाव्या-उजव्या बाजूचे दोन तुकडे थेट पुढच्या शॉकॲब्जॉर्बरच्या नळ्यांना पकडलेले असतात, त्याला क्लिप-ऑन म्हणतात. त्यामुळे हात खाली जातात. पाय ठेवायचे रॉड मात्र वर आणि मागे. म्हणजे कंबरेतून माणूस पुढे वाकतो आणि धडाचा भार हातांच्या दिशेने कलतो. ट्रॅकवर हे बरोबरच आहे : पुढच्या चाकावर वजन हवं असतं आणि वारा अंगावरून सरकायला हवा असतो.

ताशी ८० च्या वेगाला समोरचा वारा छातीला मागे रेटतो आणि हातांवरचा बराच भार आपोआप हलका होतो. हिंजवडीच्या वाटेवरच्या वाकडच्या चौकात ताशी १५ ने सरकताना तो वारा नसतो. वर दर पन्नास मीटरवर ब्रेक. प्रत्येक ब्रेकला अंग पुढे जातं आणि ते अडवायला तळहात पुढे येतात. म्हणून हायवे सोसतो, शहर सोसवत नाही.

वजन ठेवायचं कुठे

हातांनी फक्त वळवायचं, गॅस द्यायचा आणि ब्रेक-क्लच दाबायचे. अंग तोलून धरायचं काम मांड्या, पोट आणि पाय यांचं. बसताना टाकीला अगदी खेटून बसू नका, तीन-चार बोटं मागे सरका. पायाचा चवडा रॉडवर ठेवा. तळव्याचा मधला भाग ठेवला तर पोटऱ्यांना जोर लावता येत नाही. गुडघे टाकीच्या खोबणीत दाबून धरा. कोपरं किंचित वाकलेली आणि सैल. ताठ कोपरातून प्रत्येक खड्डा थेट खांद्यापर्यंत पोचतो.

बरोबर बसलात की नाही हे तपासायला सोपी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ला, मुठी न सोडता, पेटी वाजवताना फिरतात तशी बोटं हलवून बघा. बोटं मोकळी हलली तर वजन मांड्यांवर आहे. अंग पुढे कोसळायला लागलं, तर आतापर्यंत तुम्ही हँडलवर टेकून बसला होतात.

ब्रेकच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा : आधी गुडघे आवळा, मग लिव्हर ओढा. सिग्नल लाल दिसला की गुडघे आवळायचे, ही सवय लागायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या काळात मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू चांगलेच बोलतात. त्यात एक अडचण निघते. ऑफिसची गुळगुळीत फॉर्मल पँट रंगवलेल्या टाकीवर घसरते, कितीही आवळलं तरी. टाकीच्या दोन्ही बाजूंना खडबडीत रबरी पॅड चिकटवून घ्या. या गाडीवर पहिला खर्च करायचा तर हा करा. एलईडी पट्ट्या नंतर.

मग लिव्हरचा कोन बघा. गाडीवर बसून हात मुठीवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेष व्हायला हवी आणि लिव्हर त्या रेषेत बोटांखाली यायला हवेत. बहुतेक गाड्यांवर ते वर असतात, म्हणून मनगट मागे मुडपतं. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून तो खाली फिरवा आणि पुन्हा आवळा. दहा मिनिटांचं काम आहे. क्लचच्या लिव्हरला टोकापाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल राहू द्या.

मुंग्या कुठे येतात यावरूनही कळतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतोय. तिथून जाणारी नस दबते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगट मुडपलेलं आहे, म्हणजे पुन्हा लिव्हरच्या कोनाकडे. सकाळी उठल्यावरही मुंग्या राहत असतील तर मेकॅनिक सोडा आणि डॉक्टर गाठा.

हँडल उंच करणारे रायझर बाजारात मिळतात. मिळतात म्हणून लावू नका. हँडल वर गेलं की ब्रेकचा होज आणि क्लचची केबल ताणली जाते आणि पूर्ण वळवल्यावर हँडल फेअरिंगला किंवा काचेला लागतं. लावायचेच असतील, तर बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा : केबल ओढली जाते का, इंजिन चालू असताना आरपीएम आपोआप वाढतात का. वाढत असतील तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. ती गाडी तशीच रस्त्यावर काढायची नाही.

ऑफिसची सॅक हाही छुपा भार. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली मिळून पाच किलो सहज होतात आणि वाकलेल्या पाठीवरून ते खांद्यांमार्फत मनगटांत उतरतात. सॅकचे पट्टे एवढे सैल करा की तिचं बूड मागच्या सीटवर टेकेल. छातीवरचा पट्टा मात्र लावा, नाहीतर वळणावर ती एका बाजूला घसरते.

ट्रॅफिकमधलं गणित

आर१५ चं इंजिन १५५ सीसीचं, लिक्विड कूल्ड. त्यात व्हीव्हीए नावाची सोय आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर दोन आकारांचे उंचवटे असतात. एक कमी आरपीएमसाठी, दुसरा जास्त आरपीएमसाठी. सुमारे ७,४०० आरपीएमला इंजिन पहिला सोडून दुसरा वापरायला लागतं. शहरात तो आकडा क्वचितच येतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये तुम्ही फेअरिंग लावलेली साधी दीडशे सीसीची गाडीच चालवत असता, आणि ती तशीच चालवलेली बरी.

या गाडीच्या गिअरच्या गुणोत्तरांवरून हिशोब मांडला तर पहिल्या गिअरमध्ये, गॅस अजिबात न देता, क्लच पूर्ण सोडला की ती ताशी साधारण ६ किलोमीटरने चालत राहते. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० ला इंजिन ३,४०० च्या आसपास फिरतं, तिसऱ्यात ताशी ३० ला ३,७०० च्या आसपास. या आकड्यांचा रोजच्या जीवनाशी संबंध असा : गर्दीत पुढच्या गाडीला चिकटायच्या ऐवजी दोन गाड्यांची जागा सोडली, तर क्लच सोडून पहिल्या गिअरवर सरकत राहता येतं. क्लच अर्धा धरून पुढे-पुढे करणाऱ्याची क्लच प्लेट लवकर जाते आणि डावं मनगट त्याहून लवकर. उलट, सहाव्या गिअरमध्ये ताशी ४० ला इंजिन जेमतेम ३,००० वर असतं; त्यातून गॅस ओढला की खडखडाट होतो. ॲव्हरेज वाढेल म्हणून वरच्या गिअरमध्ये रेटणं ही खोटी काटकसर.

इंजिन ऑईल मोटरसायकलचंच घाला, डब्यावर जासो एमए२ असं छापलेलं. या गाड्यांची क्लच त्याच तेलात बुडालेली असते. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागते : आरपीएम चढतात, गाडी वेग घेत नाही.

गरमीचं म्हणाल तर फेअरिंगच्या आतली हवा बाहेर पडायला गाडी चालती हवी. उभी राहिली की रेडिएटरमागचा पंखा सुरू होतो आणि ती गरम हवा तुमच्या नडगीवर येते. पंखा वारंवार लागतो म्हणजे बिघाड झाला असं नाही. तो लागत नाही आणि तापमानाचा दिवा मात्र पेटतो, तेव्हा काळजी करा. आधी पंख्याचा फ्यूज बघा, मग बाजूच्या टाकीत कूलंट किती आहे ते. रेडिएटरचं झाकण गाडी गरम असताना उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. कमी पडलं म्हणून नळाचं पाणी ओतू नका, त्यातल्या क्षारांनी आतून गंज आणि थर धरतो. अडलंच तर डिस्टिल्ड वॉटर.

यू-टर्न हा या गाड्यांचा खरा अपमान. हँडल फारसं वळतच नाही, कारण ते टाकीला आणि फेअरिंगला अडतं. ज्या गल्लीत ॲक्टिव्हा एका दमात वळते तिथे स्पोर्ट बाईकला मागे-पुढे करावं लागतं. वळताना पहिला गिअर, क्लच अर्धा धरलेला, गॅस स्थिर, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि नजर जायचंय तिथे, चाकाकडे नाही. पुढचा ब्रेक अजिबात नाही. हँडल वळलेलं असताना तो लागला की गाडी आतल्या बाजूला आडवी होते. आणि अंगठा सांभाळा. हँडल पूर्ण वळलं की काही गाड्यांवर मूठ आणि टाकी यांत अर्धा इंचसुद्धा जागा उरत नाही. अंगठा तिथे चिमटला की माणूस दचकून क्लच सोडतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. वळताना अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्या बाजूला वर ठेवा.

पार्किंगचं थोडक्यात : मेन स्टँड नसतो, फक्त साईड स्टँड. मे महिन्यात डांबर मऊ होतं आणि स्टँडचं टोक त्यात रुततं, दुपारी गाडी आडवी सापडते. खाली एक चपटा दगड ठेवा. उतारावर पहिल्या गिअरमध्ये टाकून, तोंड चढाकडे करून लावा.

मागे बसणाऱ्याला ही गाडी मानवत नाही, हे कबूल केलेलं बरं. मागची सीट अरुंद, उंच, आणि प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस तुमच्या पाठीवर; त्याचंही वजन शेवटी तुमच्याच मनगटांवर. त्याला एक हात टाकीवर टेकवायला सांगा. गाडी छान दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणारे बरेच आहेत. मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून असं संरक्षण असणं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते सांगायला नको.

ब्रेक

ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काही आलं हे कळून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर चांगला ब्रेक लावलात तर पुढे २३ मीटर. एकूण ४०. ताशी ८० ला हीच बेरीज ६३ मीटरवर जाते. वेग एक तृतीयांशाने वाढला, अंतर दीडपटीहून जास्त.

पुढचा ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि त्या टायरची पकड वाढते. पण वजन यायला क्षणभर लागतो. म्हणून लिव्हर हिसका देऊन ओढायचा नाही. आधी हलका, मग वाढवत न्यायचा, ओलं फडकं पिळावं तसा. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक होऊन बरीच वर्षं झाली, पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. खडी, ओल्या झेब्रा पट्ट्या आणि मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी पत्र्यांवर पकड कुठून आणणार? एबीएस लागला की लिव्हर बोटांखाली थरथरतो. पहिल्यांदा तसं झालं की लोक घाबरून ब्रेक सोडतात. सोडू नका, दाबून धरा. रिकाम्या रस्त्यावर एकदा मुद्दाम हा अनुभव घेऊन ठेवा.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो. ते हवेतला ओलावा शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा मुठीपर्यंत येतो.

लांबचा पल्ला

आधी कुठे जाता येणार नाही ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू : चारही ठिकाणी दुचाकीला बंदी. मॅपमध्ये दुचाकीचं चित्र निवडल्याशिवाय रस्ता शोधू नका. मुंबईला जायचं तर जुना हायवे, खंडाळ्याचा घाट.

उदाहरण म्हणून पुणे-कोल्हापूर-निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी हा रस्ता घेऊ, कारण त्यात सगळे प्रकार येतात. निपाणीपर्यंत सरळ महामार्ग, पुढे दोन पदरी, मग घाट, आणि पावसाळ्यात धुकं.

चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने घातलेली मर्यादा ताशी ८० ची आहे. आर१५ वर सहाव्या गिअरमध्ये ताशी ८० म्हणजे साधारण ६,००० आरपीएम. इंजिन आरामात असतं. ८० वरून १०० केलेत तर हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो आणि तो सगळा टाकीतून वसूल होतो. ट्रकच्या मागे अडकलात आणि पुढे काढायचं असेल, तर सहाव्यातच गॅस पिळून काही होत नाही. दोन गिअर खाली या. चौथ्यात त्याच वेगाला इंजिन ८,२०० च्या आसपास जातं, म्हणजे व्हीव्हीएच्या वर, आणि तिथे या इंजिनात जीव आहे. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना बाजूचा वारा एकदम लागतो आणि फेअरिंग पालासारखं तो पकडतं. गाडी हातभर सरकते. हँडल घट्ट धरलंत तर ती जास्त डुलते, म्हणून इथेही गुडघे आवळलेले आणि हात सैल.

आर१५ ची टाकी ११ लिटरची. लिटरला ४० धरले तरी चारशेच्या वर जाते, पण तीनशेच्या आत भरायची सवय ठेवा. कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर येतं, तिथे भरून घाटाकडे निघा. थांबा मात्र पेट्रोलवर नाही, शरीरावर ठरवा. दीड तासात एकदा उतरायचं, दहा मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं. भूक नसली तरी थांबायचं.

हेल्मेट फुल फेस, आयएसआय मार्कचं. घेताना दुकानात आरशासमोर उभं राहून बघू नका, वाकून बघा. स्पोर्ट बाईकवर मान वर करून पाहावं लागतं आणि काही हेल्मेटांची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येते. काळी काच रात्री घातक आहे. साधी काच लावा, दिवसा गॉगल. लांब पल्ल्याला कानात फोमचे बोळे घाला. हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज हायवेच्या वेगाला ९० डेसिबलच्या वर जातो, आणि संध्याकाळचा तो थकवा बराचसा त्याचाच असतो.

सामान मागच्या सीटवरच्या टेल बॅगेत, आठ-दहा किलोच्या आत. मागच्या चाकाच्या आसापेक्षा मागे आणि उंच ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. वळणावर हँडल पोकळ लागतं. म्हणून जड वस्तू बॅगेच्या तळाशी आणि तुमच्या पाठीकडे, कपडे वर आणि मागे. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या बॅगा लावत असाल तर उजवीकडची सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब हवी. गाडी उभी असताना लांब दिसते, पण खड्ड्यात उसळली की टेकते आणि नायलॉन वितळून सायलेन्सरला चिकटतं. पट्ट्यांची मोकळी टोकं गाठ मारून आत खोचा. सुटलेलं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी बंद पडतं. टाकीवरची बॅग चुंबकाची असेल तर आधी बघा टाकीचं कव्हर पत्र्याचं आहे की प्लॅस्टिकचं. आणि बॅग लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. बऱ्याचदा हॉर्नचं बटण बॅगेवर दाबलं जातं आणि पहिल्याच यू-टर्नला भोंगा वाजत राहतो.

सामानासह निघताना मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा वाढवा, सोय असेल तर. नाहीतर मागची बाजू दबते, हेडलाईट झाडांवर जातो आणि गाडी वळायला आळस करते. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. आकडा मॅन्युअलमध्ये आणि चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. एकट्यासाठी वेगळा, दोघांसाठी वेगळा. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो. पंपावर तो बघून हवा काढून टाकली, की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो आणि जास्त तापतो.

पंक्चरचं किट जवळ हवंच. आजऱ्याच्या पुढे जंगलात दुकान शोधत बसू नका. टायर ट्यूबलेस असतो. खिळा दिसला तर लगेच उपटू नका, तोच तर हवा अडवून आहे. आधी सुईत चिकट पट्टी ओवून तयार ठेवा. मग खिळा काढा, तो ज्या कोनात होता त्याच कोनात किटमधली गोल कानस घालून चार-पाच वेळा फिरवा, पट्टी निम्म्याहून जास्त आत ढकला आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. बाहेरचं टोक तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरून वर थुंकी लावा. बुडबुडा आला नाही तर निघा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर पट्टी चालत नाही.

आंबोली उतरताना पुन्हा मनगटांचीच परीक्षा असते. उतारामुळे अख्खं अंग हँडलवर येतं, त्यात वळणावळणाला ब्रेक. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर उतरा, म्हणजे हाताचा ब्रेक फक्त वळणाआधी लागेल. गिअर घाईत खाली टाकला तरी या गाड्यांची स्लिपर क्लच मागच्या चाकाचा उलटा हिसका थोडा सोडून देते, त्यामुळे चाक उड्या मारत नाही. तरी ओल्या रस्त्यावर तिच्यावर विसंबून राहू नका. रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, धबधब्यापाशी जुलैत माणसं रस्त्यातच उभी असतात आणि धुक्यात दोन्ही एकाच वेळी समोर येतात. वेग वळणाआधी कमी करा, वळणात गॅस अगदी हलका चालू ठेवा. काचेवर आतून वाफ धरत असेल तर पिनलॉक पट्टी लावा. ती नसेल तर काच एक खाच उघडी.

चेन

या गाड्यांना चेन उघडी असते. पावसातला चिखल आणि कोकणातला लाल गाळ थेट तिच्यावर येतो. ५०० ते ६०० किलोमीटरला एकदा साफ करून तेल द्या, भर पावसात फिरलात तर त्याच संध्याकाळी. मेन स्टँड नसल्यामुळे मागचं चाक उचलायला पॅडॉक स्टँड लागतो.

इंजिन बंद. हे वेगळं सांगावं लागतं, कारण पहिल्या गिअरमध्ये टाकून चाक आपोआप फिरत असताना फडकं धरणारे लोक आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर बोटं. चाक हातानेच फिरवा. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश घ्या. पेट्रोल नको, तारेचा ब्रशही नको : चेनच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात, आतलं ग्रीस त्यांनी कोंडून ठेवलेलं असतं. त्या खराब झाल्या की वरून कितीही तेल ओता, आत जात नाही. पुसून कोरडी झाली की चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूला, ल्यूब मारा. फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेने पसरतं. रात्रभर राहू द्या. मारून लगेच निघालात तर निम्मं रिमवर आणि थोडं टायरवर उडतं.

सैलपणा खालच्या चेनच्या मध्यभागी वर-खाली करून मोजायचा. बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत ताठ आहे तिथला आकडा धरा. ‘टाईट करून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक आणि करून देणारे मेकॅनिक दोघेही चुकतात. पुढचं स्प्रॉकेट इंजिनवर असतं, मागचं स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर. माणूस बसला, खड्डा लागला की स्विंगआर्म वर जातो आणि दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. आधीच ताठ असलेल्या चेनला द्यायला काही उरत नाही. तो ताण मग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येतो आणि पुढच्या स्प्रॉकेटमागच्या सीलमधून तेल झिरपायला लागतं. ताण देताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा आणि स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवा, नाहीतर चाक तिरकं बसतं.

मागच्या स्प्रॉकेटच्या पाठच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून बघा. निम्मा दात उघडा पडत असेल तर चेन संपली. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. जुन्या दातांवर नवी चेन काही महिन्यांतच खराब होते.

सावंतवाडीहून परत आल्यावर गाडी धुताना रेडिएटर विसरू नका. पुढच्या चाकाने उडवलेला गाळ त्याच्या बारीक पात्यांत बसतो आणि सोमवारी वाकडच्या चौकात गाडी नेहमीपेक्षा लवकर तापते. साधी पाण्याची नळी घ्या, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने हळू पाणी सोडा, म्हणजे गाळ आला तसाच बाहेर जाईल. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन तिथे नको, पाती वाकतात.